विश्लेषण : लंडनच्या नद्या बोलतात, मग नाग नदी का नाही? मराठीतली ‘अर्बन फँटसी’ शोधायची कुठे?

नाग नदीचा उगम वाडीजवळच्या लाव्हा परिसरातील टेकड्यांत होतो. तिथून ती अंबाझरीमार्गे नागपुरात शिरते, शहराला स्वतःचे नाव देते आणि पुढे अनेक ठिकाणी लोक तिला सरळ ‘नाला’ म्हणतात. लंडनमध्येही अशा छोट्या नद्या होत्या. वाढत्या शहराने त्यातल्या काही रस्त्यांखाली गाडून टाकल्या. बेन ॲरोनोविच या ब्रिटिश लेखकाने २०११ मध्ये ‘रिव्हर्स ऑफ लंडन’ या कादंबरीत त्याच नद्यांना माणसांचे रूप दिले. त्या भांडतात, हक्क सांगतात आणि एका तरुण पोलीस शिपायाला कामाला लावतात. या पुस्तकाची पुढे मोठी मालिका झाली.

अशी पुस्तके वाचणारा तरुण वर्ग वाडी, हिंगणा आणि दत्तवाडीतही आहे. तो बहुतेक वाचन मोबाइलवर आणि इंग्रजीत करतो. आपसात पुस्तके सुचवताना त्याचा एक प्रश्न हमखास येतो : आपल्याकडे असे कोणी लिहिते का? त्यावर ‘मराठीत असले काही नाही’ हे उत्तरही तितक्याच हमखास मिळते. हे उत्तर चुकीचे आहे. मराठीत असे लेखन आहे, पण ते वेगळ्या नावाने वेगळ्या कपाटात ठेवलेले आहे. ते शोधून एकमेकांना सांगितले नाही, तर त्यातले बरेचसे पुन्हा छापले जाणार नाही.

अर्बन फँटसी म्हणजे नेमके काय?

फँटसी म्हटले की राजवाडे, तलवारी आणि ड्रॅगन डोळ्यांसमोर येतात. त्यात वाचकाला घेऊन जाणारे जग पूर्णपणे काल्पनिक असते. अर्बन फँटसीत जग आपलेच असते. ओळखीचे शहर, त्यातले रस्ते, बस, भाड्याची खोली, पोलीस ठाणे हे सगळे जागच्या जागी असते. फक्त त्यात जादू, भूत, देवता किंवा रूप बदलणारे प्राणी मिसळलेले असतात. गोष्टीतली गंमत आणि भीती दोन्ही या ओळखीतून येतात.

या प्रकारातले सुरुवातीचे महत्त्वाचे पुस्तक म्हणून एमा बुल यांच्या ‘वॉर फॉर द ओक्स’चे (१९८७) नाव घेतले जाते. त्यात अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरात परीलोकातले युद्ध घडते. जिम बुचर यांनी २००० पासून शिकागोतल्या हॅरी ड्रेस्डेन या जादूगार-गुप्तहेराची मालिका लिहिली. रशियात सर्गेई लुक्यानेन्को यांच्या ‘नाइट वॉच’मध्ये (१९९८) मॉस्कोच्या रस्त्यांवर उजेड आणि अंधार या दोन बाजूंचे पहारेकरी फिरतात. या सर्व पुस्तकांत शहराचे नाव बदलले तर गोष्ट कोसळते. म्हणून कोणतेही पुस्तक या प्रकारात बसते का हे पाहण्यासाठी एक सोपी कसोटी लावता येते. शहर काढून टाकल्यावर गोष्ट जशीच्या तशी उरते का? उरत असेल तर ती दुसऱ्या कपाटातली.

मराठीत हे लेखन दिसत का नाही?

पहिले कारण नावाचे आहे. मराठीत अद्भुताची परंपरा जुनी आहे. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ (१८६८) या मराठीतल्या अगदी सुरुवातीच्या कादंबऱ्या अद्भुतरम्यच होत्या. पुढे नाथमाधवांच्या ‘वीरधवल’ने वाचकांच्या पिढ्या वेड्या केल्या. मात्र विसाव्या शतकात वास्तववादी लेखनाला प्रतिष्ठा मिळाली आणि उरलेले सगळे ‘रहस्यकथा’, ‘गूढकथा’, ‘भयकथा’, ‘विज्ञानकथा’ अशा खणांत विभागले गेले. हे खण ग्रंथालयात बहुधा मागच्या बाजूला असतात. त्यामुळे ‘फँटसी’ शोधणाऱ्याला मराठीत काहीच सापडत नाही. ‘गूढकथा’ शोधणाऱ्याला मात्र बरेच काही सापडते.

दुसरे कारण प्रकाशनाच्या पद्धतीत आहे. यातले बरेचसे लेखन मासिकांत आणि दिवाळी अंकांत आले. अनंत अंतरकरांच्या ‘हंस’, ‘मोहिनी’ आणि ‘नवल’ या मासिकांपैकी ‘नवल’ची ओळखच अद्भुत आणि विलक्षण कथांची होती. ‘धनंजय’चा दिवाळी अंक आजही रहस्य, गूढ आणि विज्ञानकथांसाठी घेतला जातो. पण दिवाळी अंक वर्षभराने रद्दीत जातो. त्यातली कथा संग्रहात आली नाही, तर ती नव्या वाचकापर्यंत पोहोचण्याचा मार्ग संपतो.

तिसरे कारण समीक्षेचे. अशा पुस्तकांवर गंभीरपणे लिहिले गेले ते फारच थोडे. ज्या पुस्तकाची चर्चा होत नाही, त्याची शिफारस फक्त वाचक करू शकतो.

सुरुवात कोणापासून करावी?

हे वाचकाला आधी काय आवडले यावर ठरवावे. सर्वांना एकच यादी देऊन उपयोग होत नाही.

*ड्रेस्डेनसारखा जादूचा गुप्तहेर आवडत असेल तर नारायण धारप.* धारप (१९२५-२००८) यांच्या ‘समर्थ’ मालिकेत अमानवी शक्तींशी सामना करणारा नायक आहे आणि त्याच्या हकिगती सांगणारे आप्पा जोशी आहेत. शेरलॉक होम्स आणि डॉ. वॉटसन यांच्यासारखीच ही जोडी. ड्रेस्डेनचे पहिले पुस्तक बाजारात येण्याच्या कितीतरी आधी मराठी वाचक समर्थांच्या गोष्टी लायब्ररीतून आणून वाचत होते. धारपांची भुते ओसाड किल्ल्यावर कमी आणि माणसांच्या राहत्या घरांत जास्त येतात. त्यांच्या एका पुस्तकाचे नाव ‘४४० चंदनवाडी’ आहे, म्हणजे सरळ टपालाचा पत्ता. अर्बन फँटसीचा कणा असा पत्ता हाच असतो.

धारपांची शिफारस करताना एक गोष्ट लपवू नये. त्यांच्या काही कादंबऱ्या परदेशी पुस्तकांवर बेतलेल्या आहेत. ‘लुचाई’ स्टीफन किंग यांच्या ‘सेलम्स लॉट’वर, तर ‘शपथ’ त्यांच्याच ‘इट’वर आधारित आहे. मूळ इंग्रजी पुस्तके वाचलेल्या आजच्या वाचकाला हे लगेच कळते आणि तो बाकीचे धारपही बाजूला ठेवतो. म्हणून अशा वाचकाला ‘समर्थ’ मालिका किंवा लघुकथा आधी द्याव्यात. ‘लुचाई’ वाचायचीच असेल, तर अमेरिकी गावातले पिशाच मराठी घरात आणताना लेखकाने काय काय बदलले, हे पाहण्यासाठी वाचावी. या नजरेने ती अधिक रंगते.

*शहरी माणसाच्या मनातली भीती हवी असेल तर रत्नाकर मतकरी.* मतकरी (१९३८-२०२०) यांना अनेक जण ‘अलबत्या गलबत्या’चे नाटककार म्हणून ओळखतात. त्यांच्या गूढकथा हे वेगळेच जग आहे. ‘खेकडा’, ‘मध्यरात्रीचे पडघम’, ‘ऐक टोले पडताहेत’, ‘गहिरे पाणी’ हे त्यांचे गाजलेले कथासंग्रह. त्यांची पात्रे नोकरी करणारी, संसार चालवणारी, शेजाऱ्यांशी जपून वागणारी मध्यमवर्गीय माणसे असतात. विचित्र घटना या चौकटीतच घडते आणि बऱ्याचदा तिचे मूळ माणसाच्या मत्सरात, अपराधी भावनेत किंवा एकटेपणात असते. रक्त आणि किंकाळ्या फारशा नाहीत. भयकथा नको म्हणणाऱ्या वाचकाला मराठीतून पहिले पुस्तक द्यायचे असेल, तर मतकरी हा सर्वांत सुरक्षित पर्याय आहे.

*पर्यायी शहर पाहायचे असेल तर जयंत नारळीकर.* नारळीकर (१९३८-२०२५) विज्ञानकथाकार म्हणून परिचित आहेत. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या स्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने पाठवली होती. आपल्याच आद्याक्षरांचा क्रम उलटा करून त्यांनी हे नाव तयार केले होते. त्यांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा फँटसीच्या वाचकांनी आवर्जून वाचावी अशी आहे. इतिहासाचा एक प्राध्यापक पुण्याहून मुंबईला जातो आणि मराठ्यांनी पानिपतची लढाई जिंकलेल्या जगातल्या मुंबईत पोहोचतो. रस्ते ओळखीचे, पाट्या मात्र वेगळ्या. हीच कथा ‘द ॲडव्हेंचर’ नावाने एनसीईआरटीच्या अकरावीच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकात आहे. म्हणजे सीबीएसईच्या अनेक विद्यार्थ्यांनी मराठी लेखकाची पर्यायी शहराची गोष्ट वाचलेली असते. ती मूळ मराठीतली आहे हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

*साहित्यिक प्रयोग हवा असेल तर विलास सारंग.* सारंग (१९४२-२०१५) मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषांत लिहीत. ‘सोलेदाद’ आणि ‘आतंक’ हे त्यांचे कथासंग्रह आणि ‘एन्कीच्या राज्यात’ ही कादंबरी. त्यांच्या कथांत साधा माणूस अचानक अतर्क्य परिस्थितीत सापडतो आणि आजूबाजूचे जग ती नेहमीचीच असल्यासारखे वागते. काफ्का आवडणाऱ्या वाचकाला सारंग लगेच जवळचे वाटतील. पहिलेच पुस्तक म्हणून मात्र ते कोणाच्या हाती देऊ नये. जी. ए. कुलकर्णी यांच्या रूपककथांचेही असेच. त्या अद्भुत आहेत, पण शहराच्या नाहीत. शहराची कसोटी लावली तर त्या या यादीत बसत नाहीत.

*आजचा लेखक हवा असेल तर हृषीकेश गुप्ते.* ‘अंधारवारी’, ‘घनगर्द’, ‘दंशकाल’, ‘हाकामारी’, ‘काळजुगारी’ ही त्यांची पुस्तके. गुप्ते यांच्याकडे लोकसमजुती आणि आजची माणसे एकत्र येतात. रात्री दाराशी येऊन नावाने हाक मारणारी हाकामारी आजीच्या गोष्टीतून आलेली असते, पण गुप्ते तिला केवळ दचकवण्यासाठी वापरत नाहीत. कोकणातल्या निमशहरी गावाचा परिसर त्यांच्या लेखनात ठळकपणे येतो. वाडीसारख्या धड गाव नाही आणि धड शहर नाही अशा वस्तीत वाढलेल्या वाचकासाठी ही मोठी गोष्ट आहे. अशा जागांनाही गोष्ट असते, हे तिथे दिसते.

इंग्रजीत लिहिणाऱ्या भारतीयांचे काय?

‘देशी’ म्हणजे फक्त मराठी असा आग्रह धरायचे कारण नाही. मिथकांवर बेतलेल्या लोकप्रिय कादंबऱ्यांपलीकडे भारतीय इंग्रजीत शहरी फँटसीचे चांगले नमुने आहेत.

श्वेता तनेजा यांच्या ‘कल्ट ऑफ केऑस’मध्ये अनंत्या ही तांत्रिक-गुप्तहेर दिल्लीत गुन्ह्यांचा तपास करते. अर्बन फँटसीची नेमकी व्याख्या भारतात कुठे दिसते, असे विचारले तर हे पुस्तक दाखवता येईल. नीलांजना रॉय यांच्या ‘द वाइल्डिंग्ज’मध्ये (२०१२) दिल्लीच्या निजामुद्दीन भागातल्या मांजरी मिशांच्या साहाय्याने एकमेकींशी संवाद साधतात. घरातल्या शाळकरी मुलांनाही ते देता येते. समित बसू यांच्या ‘टर्ब्युलन्स’मध्ये लंडनहून दिल्लीला येणाऱ्या एका विमानातल्या प्रवाशांना त्यांच्या मनातल्या इच्छेप्रमाणे शक्ती मिळतात. सुपरहिरो सिनेमांच्या चाहत्याला हे पहिले पुस्तक म्हणून योग्य. इंद्र दास यांच्या ‘द डेव्हरर्स’मध्ये (२०१५) आजच्या कोलकात्यात एका प्राध्यापकाला भेटलेला अनोळखी माणूस मुघलकाळापासूनच्या रूपपालट करणाऱ्या प्राण्यांची कहाणी सांगतो. हे पुस्तक प्रौढांसाठीच आहे. त्यातली हिंसा आणि लैंगिक अत्याचाराचे चित्रण आधी सांगूनच ते सुचवावे.

नागपूर आणि वाडीत हिंदी वाचनाचीही जुनी सवय आहे. राज कॉमिक्सचा ‘नागराज’ १९८६ मध्ये आला आणि एसटी स्टँड, रेल्वे स्थानकांवरच्या स्टॉलमधून घराघरांत गेला. त्याच प्रकाशनाचा ‘डोगा’ मुंबईच्या रस्त्यांवर फिरतो. आज चाळिशीत असलेल्या अनेकांची शहरी फँटसीशी पहिली ओळख तिथेच झाली. त्यांना ‘हा नवा परदेशी प्रकार आहे’ असे सांगण्यापेक्षा ‘नागराज आठवतो का?’ असे विचारणे जास्त उपयोगी ठरते.

पडद्याने काय दाखवून दिले?

राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ १२ ऑक्टोबर २०१८ रोजी प्रदर्शित झाला. त्याची मूळ प्रेरणा नारायण धारपांची एक कथा होती. बर्वे यांना ती १९९३ मध्ये एका मित्राने नागझिरा अभयारण्यात सांगितली होती. म्हणजे पुण्याच्या लेखकाची गोष्ट विदर्भातल्या जंगलात तोंडी सांगितली गेली आणि पंचवीस वर्षांनी तिचा सिनेमा झाला. पहिल्या वेळी ‘तुंबाड’ने तिकीटबारीवर बेताची कमाई केली. नंतरच्या सहा वर्षांत प्रेक्षक तो एकमेकांना सुचवत राहिले. १३ सप्टेंबर २०२४ रोजी तो पुन्हा प्रदर्शित झाला आणि मूळ प्रदर्शनापेक्षा जास्त कमाई करून गेला. तोंडी शिफारशीने काय होते, याचे याहून ठळक उदाहरण शोधावे लागणार नाही.

आदित्य सरपोतदार यांचा ‘झोंबिवली’ (२०२२) मराठीत आहे. झोंबी येतात ते थेट डोंबिवलीत, टोलेजंग संकुल आणि त्याला लागून असलेली वस्ती यांच्यामध्ये. याच दिग्दर्शकाच्या ‘मुंज्या’ने (२०२४) कोकणातल्या पिंपळावरचे भूत पुण्यात आणले आणि देशभर प्रेक्षक मिळवला, पण हिंदीत. मराठी मातीतल्या भुताला गिऱ्हाईक आहे, याबद्दल आता शंका नाही. त्या गोष्टी ज्या भाषेत आधी सांगितल्या गेल्या, त्या भाषेतल्या पुस्तकांपर्यंत हा प्रेक्षक अजून आलेला नाही. ‘तुंबाड’ पाहून भारावलेल्या मित्राला धारपांचे पुस्तक देणे हे वाचकांच्या हातातले काम आहे.

भूतकथा सुचवणे म्हणजे अंधश्रद्धा पसरवणे का?

हा आक्षेप नागपुरात तरी टाळता येणार नाही. अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे काम १९८२ मध्ये याच शहरातून सुरू झाले. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली आणि त्याच वर्षी राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आला. करणी, भानामती, चेटकीण या शब्दांमुळे आजही बायकांना मारहाण होते, कुटुंबे गावाबाहेर काढली जातात. तिथे ‘चेटकीण’ हा मजेचा विषय राहत नाही.

तरीही गोष्ट आणि फसवणूक यांत स्पष्ट फरक आहे. लेखक पहिल्या पानावरच ‘ही कादंबरी आहे’ असे सांगून सुरुवात करतो. भोंदूबाबा ते कधीच सांगत नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे, चमत्काराचा दावा करून लोकांना लुबाडणे याला कायद्याने गुन्हा ठरवले आहे. गोष्ट लिहिणे किंवा वाचणे त्यात येत नाही.

जुन्या लेखनाकडे डोळे उघडे ठेवून पाहिले पाहिजे, हे मात्र खरे. गेल्या शतकातल्या बऱ्याच भयकथांत वाईट शक्ती एकटी राहणारी बाई, आदिवासी भगत किंवा कुरूप, अपंग माणूस यांच्या रूपाने येते. त्या काळी हे कोणाला खटकले नाही. आज ते सांगून पुस्तक द्यावे. नव्या लेखकांकडून तर याहून वेगळ्या गोष्टीची अपेक्षा धरायलाच हवी.

या नकाशावर नागपूर कुठे आहे?

आतापर्यंतच्या यादीत मुंबई, पुणे, कोकण, दिल्ली आणि कोलकाता आले. नागपूरची अद्भुतकथा म्हणून वाचकांच्या ओठांवर पटकन येईल असे एकही नाव त्यात नाही. ही खरी उणीव आहे आणि ती कच्च्या मालाच्या अभावामुळे नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारी-महाल भागातून काळी आणि पिवळी मारबत निघते. रोगराई, इडापिडा आणि महागाईपासून भ्रष्टाचारापर्यंत सगळे ‘घेऊन जा गे मारबत’ असे ओरडत हजारो लोक रस्त्यावर येतात. सोबत बडगे असतात. अख्ख्या शहराची पीडा अंगावर घेऊन जाणारी एक स्त्री दरवर्षी जाळली जाते आणि पुढच्या वर्षी परत उभी राहते. कादंबरीसाठी याहून वेगळे पात्र घडवायची गरजच नाही. १८६३ मध्ये सुरू झालेल्या मध्यवर्ती संग्रहालयाला लोक ‘अजब बंगला’ म्हणतात. झीरो माइलचा स्तंभ आणि त्याचे चार घोडे आहेत. श्रावणात सातपुड्यातल्या नागद्वारला जाणारी विदर्भातली माणसे आहेत. गोंड राजा बख्त बुलंद शाहने वसवलेले हे शहर नदीच्या आणि सापाच्या नावाने ओळखले जाते.

वाडीकडेही हे सगळे आहे. अमरावती मार्गावर रात्रभर उभे असलेले ट्रक, ट्रान्सपोर्टची गोदामे, आयुध निर्माणीची भिंत, नावातच अंतर सांगणारी ‘आठवा मैल’ ही वस्ती आणि शेजारी नाग नदीचा उगम. हायवेवर ट्रकचालकांना वाट चुकवणाऱ्या चकव्याच्या गोष्टी कोणत्याही ढाब्यावर ऐकायला मिळतात. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अतिवृष्टीने अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. ज्या प्रवाहाला शहर नाला म्हणत होते, त्याने एका रात्रीत आपण नदी असल्याचे दाखवून दिले. लंडनच्या लेखकाने याच प्रकारच्या घटनेतून देवता उभ्या केल्या असत्या. नागपुरात त्यावर बातम्या झाल्या, पंचनामे झाले. गोष्ट अजून लिहायची आहे.

ती लिहिली जाण्यासाठी आधी वाचक दिसावा लागतो. विदर्भातला तरुण लेखक आपल्या शहरावर फँटसी लिहायला बसला, तर असे वाचणारे आहेत का, याचा अंदाज त्याला कशावरून येणार? या पुस्तकांबद्दल कोणी बोलत असेल, तरच.

पुस्तके मिळवायची कशी?

धारपांची बरीच पुस्तके साकेत प्रकाशनाने आणि मतकरींचे गूढकथासंग्रह मेहता पब्लिशिंग हाऊसने पुन्हा बाजारात आणले आहेत. गुप्ते यांची पुस्तके पुस्तकविक्रीच्या संकेतस्थळांवर मिळतात. ऐकण्याची सवय असलेल्यांसाठी ‘स्टोरीटेल’वर मराठी भयकथा आणि गूढकथा आहेत. ‘प्रतिलिपी’वर नवे लेखक भागांमध्ये कथा लिहितात. तिथला दर्जा फार वरखाली असतो, पण पुढचा धारप कदाचित तिथेच सराव करत असेल.

सार्वजनिक ग्रंथालये हा विसरलेला मार्ग आहे. महाराष्ट्रात ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे आणि मान्यताप्राप्त ग्रंथालयांना शासन अनुदान देते. सभासदांनी लेखी मागणी केली, तर पुस्तक खरेदीच्या यादीत ते नाव जाऊ शकते. पाच सभासदांनी एकाच पुस्तकाची मागणी करणे हे मोबाइलवरच्या पन्नास ‘लाइक’पेक्षा जास्त उपयोगाचे आहे.

फुकटच्या पीडीएफबद्दलही बोलायला हवे. व्हॉट्सॲप आणि टेलिग्रामच्या गटांत धारप-मतकरींची स्कॅन केलेली पुस्तके सर्रास फिरतात. बाजारात मिळत नसलेल्या जुन्या पुस्तकाबाबत वाचकाची अडचण समजू शकते. पण छापील आवृत्ती दोन-तीनशे रुपयांना उपलब्ध असताना पीडीएफ पुढे पाठवणे म्हणजे पुढच्या आवृत्तीचा गळा दाबणे. मराठीत अशा पुस्तकांच्या आवृत्त्या मुळातच लहान असतात. शंभर प्रती कमी खपल्या तरी प्रकाशक पुढच्या पुस्तकाचा विचार बदलतो.

शिफारस करायची तर कशी?

‘मराठी वाचत जा’ असा उपदेश कोणालाही वाचक करत नाही. समोरच्याने शेवटचे आवडलेले पुस्तक किंवा सिनेमा विचारावा आणि त्याला जवळचे एकच नाव सांगावे. आठ नावांची यादी दिली की एकही वाचले जात नाही. जाड कादंबरीऐवजी एक कथा सुचवली, तर ती त्याच रात्री वाचून होते. शेवट सांगू नये. पुस्तकात हिंसा असेल, भाषा जुनी असेल, कथानक परदेशी पुस्तकावर बेतलेले असेल तर ते आधीच सांगावे. वाचून झाल्यावर नाही आवडले, असे कोणी म्हटले तर वाद घालू नये. दुसऱ्या लेखकाचे नाव द्यावे.

आणि मराठी पुस्तक केवळ मराठी आहे म्हणून चांगले म्हणू नये. अशा सवलतीने वाचकाचा विश्वास जातो आणि लेखकाचेही भले होत नाही. धारप, मतकरी, नारळीकर, सारंग आणि गुप्ते यांना या सवलतीची गरज नाही. त्यांची पुस्तके लंडन-शिकागोच्या पुस्तकांच्या शेजारी ठेवून वाचता येतात. त्यासाठी ‘मराठीत असले काही नाही’ हे वाक्य पुढच्या वेळी कोणी म्हटले, की गप्प न बसता एका कथेचे नाव सांगायचे आणि जमल्यास पुस्तक हातात द्यायचे. नाग नदीवरची कादंबरी त्यानंतर कधीतरी येईल. ती आली, तर पहिल्या शंभर प्रती घेणारे वाचक तिच्या उगमाजवळ, वाडीतही असले पाहिजेत.